बारसं न झालेल्या फायली

लेक माहेरपणाला आली की पहिल्या दिवशी माझा फ्रिज आवरते आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर. फ्रिजचं एकवेळ समजू शकते मी. चमचाभर कोशिंबीर वाटीत झाकून ठेवायची माझी सवय काही चांगली नाही. पण गेल्या वर्षी गणपतीनंतर ती आली, माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि किंचाळलीच, ‘‘आई, डाउनलोडमध्ये अकराशे फायली! आणि ही ‘सीआरडाउनलोड’ची पिलावळ कुठून पाळलीयेस?’’

मी कुकर लावत होते. ‘‘असू दे गं, बघते नंतर,’’ म्हटलं. शिट्ट्या होईपर्यंत तिनं सगळं साफ केलं होतं. रीसायकल बिनमध्येसुद्धा काही ठेवलं नव्हतं. आम्हा दोघींना फार छान वाटलं. दिवाणखान्याचे पडदे धुतल्यावर वाटतं ना, तसं.

तीन आठवड्यांनी कळलं, की त्या पिलावळीत एका बाईंचं अख्खं माहेर होतं.

सांगते. गेली अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं मी घरी बसून डीटीपीचं काम करते. सदाशिव पेठेत हे काम करणाऱ्या बायका एके काळी गल्लीगल्लीत होत्या. पेजमेकर आणि श्रीलिपी आलं की पुस्तकं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, काय वाट्टेल ते करायचो आम्ही. आता कामं कमी झाली, पण स्वतःच्या आठवणी छापून घेणारी ज्येष्ठ मंडळी अजून येतात. अशाच एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. कोथरूडला राहतात. पुस्तक त्यांच्या माहेरच्या घराबद्दल. त्यातले जुने फोटो त्यांच्या भाच्यानं स्कॅन करून, एकत्र बांधून, एका लिंकवर पाठवले होते. झिप फाईल होती, ६१२ एमबीची. मी उतरवून घ्यायला लावली आणि ३४० वर असताना लाईट गेली. गुरुवारच होता. पाणी नाही आणि लाईट नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो हो, पण भिंतीवरचा राउटर डोळे मिटतो. उद्या परत लावू म्हटलं. उद्या पाहुणे आले, परवा गौरी आल्या. ती लिंक काही दिवसांचीच होती, संपली. भाच्यानं ‘मामीनं पाठवले म्हणजे पोचलेच’ असं धरून आपल्याकडचे पुसून टाकले. आणि माझ्याकडे जे अर्धंमुर्धं आलं होतं ते कुकरच्या तीन शिट्ट्यांत गेलं.

लेकीला मी रागावले नाही. चूक निम्मी तिची, निम्मी माझी, आणि थोडीशी महावितरणची म्हणायचा मोह होतोय, पण तेवढा गुरुवार आपण पुणेकरांनी केव्हाच माफ केलाय. मला मात्र या निमित्तानं एक गोष्ट मैत्रिणींशी बोलायचीये. या अर्धवट फायलींना आपण सरसकट कचरा म्हणतो, ते मला पटत नाही.

मुळात त्या असतात कशा, ते बघा. एखादी फाईल इंटरनेटवरून आपल्याकडे यायला लागते तेव्हा ती एकदम येत नाही, धार धरल्यासारखी येते. ती पूर्ण येईपर्यंत ब्राउझर तिला तिचं खरं नाव देत नाही. क्रोम तिच्या मागे ‘सीआरडाउनलोड’ असं शेपूट लावतो, फायरफॉक्स ‘पार्ट’ लावतो. बाळ जन्मलं की बाराव्या दिवसापर्यंत आपण त्याला सोन्या, बाळ्या, ठमी काहीही म्हणतो. खरं नाव पाळण्यात घातल्यावर, कानात कुर्रर्र झाल्यावर. इथेही तसंच. शेवटचा कण आला की शेपूट गळतं आणि बारसं होतं. मधेच लाईट गेली, नेट तुटलं, कॉम्प्युटर बंद पडला, की बारसं राहून जातं. ते बिननावाचं पोर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहतं. आपण पुन्हा बटण दाबतो आणि बरेचदा दुसरी फाईल पहिल्यापासून यायला लागते, कंसात १, कंसात २ अशी. पहिलीला कोणी वाली उरत नाही.

मोठ्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच रीत आहे. सर्व्हरवर फायली नेणारं विनएससीपी नावाचं सॉफ्टवेअर मोठ्या फाईलला ‘फाईलपार्ट’ असं तात्पुरतं नाव देतं. ‘आरसिंक’ म्हणून एक आहे, १९९६ पासून जगभरचे संगणकवाले वापरतात. ते अर्धवट फाईल नावाआधी टिंब देऊन लपवूनच ठेवतं. म्हणजे अर्धं असताना पूर्णाचं नाव लावायचं नाही, हा शहाणपणा या मंडळींनी ठरवून केलेला आहे.

तो नसला की काय होतं, ते मी भोगलंय.

सन २००२ ची दिवाळी. एका दिवाळी अंकाचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा ‘पीएस फाईल’ करून आउटपुट सेंटरला द्यायची, तिथे फिल्म निघायची, फिल्म प्रेसमध्ये जायची. एरवी मी सीडी घेऊन स्कूटीवरून जायची. पण त्या सेंटरनं नवीनच सोय केली होती, एफटीपीनं थेट त्यांच्या कॉम्प्युटरवर पाठवायची. ई-मेलचा प्रश्नच नव्हता, हॉटमेलच्या सगळ्या डब्यात मिळून २ एमबी मावायचं. चौथ्या फर्म्याची, म्हणजे सोळा पानांची फाईल ९ एमबीची होती. टेलिफोनच्या तारेवरून जायला पाऊण तास. रात्री साडेदहाला लावली. आमच्याकडे फोन एकच, हॉलमध्ये, आणि त्याचं एक्स्टेन्शन स्वयंपाकघरात. सासूबाईंना नेमकी तेव्हाच चिंचवडच्या बहिणीला चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारायचं होतं. त्यांनी रिसीव्हर उचलला. ‘‘अगं, फोनमध्ये काहीतरी किरकिरतंय,’’ म्हणाल्या.

किरकिरत नव्हतं, माझा फर्मा जात होता. तुटला.

मी पुन्हा जोडलं. पलीकडच्या यादीत बघितलं तर फाईलचं नाव होतं, फर्मा चार. वाटलं, गेली वाटतं बाई तुटायच्या आत. आकार बघायचं सुचलं नाही. साडेअकरा वाजले होते, सकाळी मुलीचा डबा होता. झोपले.

त्या साध्या एफटीपीत तात्पुरतं नाव वगैरे काही नव्हतं. अर्धी गेलेली फाईलसुद्धा पूर्ण नावानं, टिकली-पावडर लावून तिथे बसलेली. सकाळी सेंटरच्या मुलानं नाव बघितलं आणि फिल्म काढली. पीएस फाईलमध्ये पानं एकापाठोपाठ एक असतात. जेवढी आली तेवढी मशीननं मुकाट काढली आणि मजकूर संपला तशी थांबली. पाच पानं उरली आहेत हे सांगायची तिला अक्कल नाही. अकरा पानांच्या फिल्म गुंडाळून प्रेसमध्ये गेल्या आणि रात्री नऊला प्लेट करायला घेतल्या तेव्हा पाच कमी. मशीन आमच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. त्यांनी दुसऱ्याचं काम चढवलं. अंक वसुबारसेनंतर बाजारात आला. जाहिरातदारांनी कुरकुर केली, संपादकांनी मला फोन केला, आणि माझ्या बिलातून सतराशे रुपये कापले गेले. त्यांतून मी मुलीला दिवाळीचे कपडे घेणार होते.

पैशांचं दुःख फराळाबरोबर संपलं. लक्षात राहिलं ते कोणीतरी बोललेलं वाक्य, ‘‘घरी बसून काम करणाऱ्या बायकांकडे कामं दिली की हे असंच होतं.’’ अकरा पानं आली की सोळा, हे सेंटरमध्ये मोजलं नाही, प्रेसमध्ये दिवसभर मोजलं नाही. ती दोन्ही ठिकाणं घरं नव्हती आणि तिथे कोणी भाजणीचं प्रमाण विचारत नव्हतं. पण ते जाऊ दे.

मग एका ओळखीच्या मुलाला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, ‘‘काकू, एफटीपीत नाव बदलायची सोय १९८५ च्या नियमांतसुद्धा आहे. आधी दुसऱ्याच नावानं पाठवा, पूर्ण पोचली की मग खरं नाव द्या.’’ झालं. तेव्हापासून मी ‘कच्चा-४’ म्हणून पाठवायची, इकडचा आणि तिकडचा आकार बाइटपर्यंत जुळला की ‘फर्मा-४’ करायची. सेंटरच्या मुलाला दम दिला होता, कच्च्याला हात लावायचा नाही. पुन्हा कधी पान कमी पडलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी क्रोमचं ते शेपूट बघितलं तेव्हा मला हसूच आलं. अरे, हा तर माझा ‘कच्चा-४’!

आपल्याकडे ही जाण काही कॉम्प्युटरबरोबर आली नाही. भांडारकर संस्थेत हजारो जुनी हस्तलिखितं आहेत. ती कोणीतरी कशावरून तरी उतरवून काढलेलीच आहेत, म्हणजे फाईल ट्रान्सफरच की. शेवटी लेखनिक पुष्पिका लिहायचा, ग्रंथ इथे संपला, अमक्यानं अमुक तिथीला लिहिला. पुष्पिका असली म्हणजे शेवट पोचला हे कळतं. नसली तर सूचिकार नोंदीत स्वच्छ लिहितात, ‘अपूर्ण’. पण अपूर्ण आहे म्हणून पोथी कोणी फेकत नाही. कधीकधी एखाद्या ग्रंथाची जगात तेवढीच प्रत उरलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘सीआरडाउनलोड’ ही यंत्रानं लिहिलेली ‘अपूर्ण’ची चिठ्ठी आहे. टाकायची असेल तर खुशाल टाका, पण वाचून टाका. माझ्या लेकीनं (आणि सगळ्या लेकींनी आणि अमेरिकेतून रिमोटनं आईचा कॉम्प्युटर आवरणाऱ्या सगळ्या मुलांनी) चिठ्ठी न वाचता फाडली, हा माझा आक्षेप आहे.

आता वाचायची कशी? आधी ती फाईल अजून चालू तर नाही ना, हे बघायचं. तारीख-वेळ आत्ताची असेल, आकार वाढत असेल तर तिला मुळीच हात लावू नये. नसेल, तर त्याच नावाची पूर्ण बहीण घरात कुठे आहे का ते शोधायचं. आणि ती सापडली की नुसतं नाव बघून खूश व्हायचं नाही, उघडायची. तीही पहिल्या पानावर नाही, शेवटच्या पानावर. राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बाइट्स दिसतात, ते पाठवणाऱ्याच्या आकड्याशी ताडून बघायचे. जुळले तर अर्धी निःशंक पुसा, तिचं काम संपलं. ब्राउझरच्या डाउनलोडच्या यादीत ‘रिझ्यूम’ असं दिसत असेल तर पुसण्याआधी तेही करून बघावं. पलीकडच्या सर्व्हरला जमत असेल तर राहिलेलाच भाग येतो, पहिल्यापासून नाही.

आणि पूर्ण प्रत कुठेच नसेल तर? आधी फोन. ‘‘अहो, अर्धंच आलंय, परत पाठवता का?’’ आपल्याला याचीच लाज वाटते. समोरच्यानं एवढं पाठवलं, आता परत कसं सांगायचं, त्याला वाटेल हिला काही येत नाही. मैत्रिणींनो, त्याला काय वाटायचं ते वाटू दे.

पाठवणाऱ्याकडेही नसेल तर ती अर्धी फाईलच सोनं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं मला नंतर हे समजावलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. जेपीजी फोटो अर्धा आला असेल तर वरचा भाग बरेचदा दिसतो, खाली करडा पट्टा. एमपीथ्री गाणं जिथवर आलं तिथवर वाजतं. व्हिडिओचं मात्र गंमतशीर आहे. कुठे काय आहे याची अनुक्रमणिका पुष्कळदा फाईलच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे नव्वद टक्के आला तरी चालत नाही. झिपचंही तसंच, यादी शेवटी. म्हणून अर्धी झिप उघडायला गेलं की ‘फाईल खराब आहे’ म्हणून सांगते आणि आपण पुसतो. पण झिपमध्ये प्रत्येक फोटोच्या आधी त्याची छोटी चिठ्ठी वेगळीही असते. तिच्या आधारे दुरुस्तीचं सॉफ्टवेअर जेवढे पूर्ण आलेत तेवढे बाहेर काढू शकतं. माझ्या ३४० एमबीतून शंभराच्या आसपास फोटो नक्की निघाले असते.

‘‘मग पुसलेली परत काढा ना,’’ मी म्हटलं. तो म्हणाला, ‘‘काकू, जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर बघितलं असतं. तुमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. ती पुसलेली जागा स्वतःच लगेच धुऊन ठेवते.’’ इतकी टापटीप मला माझ्या बाईकडूनही नको असते.

फोनमध्येसुद्धा हा प्रकार आहे. अँड्रॉइडच्या हल्लीच्या फोनमध्ये अर्धवट राहिलेला फोटो वा व्हिडिओ नावाआधी ‘पेंडिंग’ लावून लपवलेला असतो आणि कोणी वाली नसेल तर साधारण सात दिवसांनी यंत्रणाच तो काढून टाकते. त्यामुळे ‘तुमच्या फोनमध्ये अमुक जीबी कचरा’ असं लाल अक्षरांत ओरडणाऱ्या क्लीनर ॲपवर मी विश्वास ठेवत नाही. त्यांना कचरा दाखवण्यात रस असतो. विंडोजची स्वतःची सफाई त्यातल्या त्यात बरी, पण तिथेही खुणा कशावर आहेत ते वाचावं. २०१८ च्या एका अपडेटमध्ये डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोडचा आख्खा फोल्डरच घातला होता. सगळ्या चौकटींवर टिचक्या मारायची सवय असलेल्या कित्येकांनी त्यात स्वतःची कागदपत्रं घालवली. पुढे ती चौकट काढून टाकली म्हणा.

हे झालं ठेवण्याबद्दल. पण एक जागा अशी आहे, जिथे मी अर्धी काय, पाव फाईलसुद्धा मागे ठेवत नाही. झेरॉक्सचं दुकान.

टिळक रोडपासून अप्पा बळवंत चौकापर्यंत कुठल्याही प्रिंटआउटच्या दुकानात ॲडमिशनच्या दिवसांत उभ्या राहा. मुली रांगेनं आधार कार्ड, गुणपत्रिका, फोटो त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर पाठवतात. घाईत एकदा जात नाही, दोनदा पाठवतात, तीनदा पाठवतात. प्रिंट मिळाली की निघून जातात. त्या स्क्रीनवरचा डाउनलोडचा फोल्डर मी एकदा काउंटरवरून पाहिला. कोणाकोणाच्या लेकी होत्या त्यात! पूर्ण, अर्ध्या, कंसात १, कंसात २. आणि अर्ध्या फोटोत वरचा भाग दिसतो हे आत्ताच सांगितलंय मी. तो वरचा भाग म्हणजे बरेचदा चेहरा आणि नाव.

दुकानदार वाईट असतो असं मी म्हणत नाही. दिवसभर उभा असतो बिचारा, त्याला पुसायला वेळ कुठाय? आपल्यालाच सांगावं लागतं. ‘‘दादा, माझ्या फायली काढून टाका, अर्धवट आल्यात त्यासुद्धा, आणि रीसायकल बिनमधूनही,’’ असं मी तिथे उभं राहून करवून घेते. मागच्या रांगेतली माणसं वैतागतात, वैतागू देत. आधारची प्रत द्यायची असेल तर जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत द्यावी, ती आधारच्या वेबसाइटवरून काढता येते. माझ्या लेकीला ही सवय लागली आहे. आईच्या कॉम्प्युटरवर फार साफ करते आणि दुकानात मुळीच करत नाही अशी होती, आता उलट झालंय.

आणि हो, बाईंचे फोटो.

भाच्याला आम्ही कळवलं तेव्हा तो अवघडला. मूळ अल्बम साताऱ्याला त्याच्या चुलत बहिणीकडे परत गेले होते. तिनं पुन्हा एकेक फोटो काळ्या कागदावरून अलगद सोडवला, स्कॅन केला, परत कोपऱ्यांत बसवला. नोकरी करून, रात्री जेवणं आटोपल्यावर. तीन आठवडे लागले तिला. पुस्तक दसऱ्याला करायचं होतं, ते पुढे गेलं. बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

साताऱ्याहून लिंक आली त्या दिवशी गुरुवार नाही ना, हे मी आधी बघून घेतलं. लेकीला फोनवर धरून ठेवलं. शेपूट गळलं, नाव आलं. झिप उघडली, थेट शेवटचा फोटो उघडला. परकर-पोलक्यातल्या पाच मुली ओट्यावर बसलेल्या, एकीचा पाय हलल्यामुळे पुसट आलेला. तळापर्यंत स्वच्छ. मग आधी दोन ठिकाणी प्रती ठेवल्या आणि कोथरूडला फोन लावला.

‘‘बाई, आले सगळे.’’

‘‘मोजलेस?’’ शाळेत पस्तीस वर्षं पेपर गोळा केलेल्या त्या.

‘‘हो. एकशे अठ्ठ्याऐंशी.’’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, ‘‘एकशे एकोणनव्वद होते गं.’’

मी चष्मा लावून पुन्हा मोजायला बसले.